श्रेढीत ‘किती पदं?’ विचारलं की काय करायचं: वर्गसमीकरण, कॅल्क्युलेटरशिवाय

दहावीच्या गणित भाग १ मधे वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी ही प्रकरणं पाठोपाठ येतात. बऱ्याच पोरांना दोन्ही वेगवेगळी व्यवस्थित येतात, पण दोन्ही एकाच गणितात घुसली की गाडी अडते. पहिलं पद दिलंय, फरक दिलाय, बेरीज दिलीये आणि विचारलंय ‘किती पदं?’ किंवा ‘किती दिवस लागतील?’, मग सूत्रात किमती घातल्या, कंस सोडवला आणि समोर ३न² + ११न − २१५० = ० असलं काहीतरी येऊन बसलं की आता ६४५० चे असे दोन अवयव शोधा ज्यांच्यात ११ चा फरक आहे, आणि तिथंच पेन चावणं सुरू. पेपर ४० मार्कांचा, वेळ दोन तास, कॅल्क्युलेटर चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की घोळ अवयव पाडण्यात नसतो, त्याच्या आधीच्या ओळीत असतो. कंस उघडायची घाई नडते. कंस उघडायच्या आधी ते समीकरण निम्मं उत्तर सांगत असतं आणि आपण ते स्वतःच्या हातानं मोडून टाकतो. कसं ते खाली बघू, आणि जिथं ही युक्ती चालत नाही तिथं काय करायचं तेपण बघू.

आधी अक्षरं ठरवून घेऊ. पहिलं पद अ, सामान्य फरक ड, पदांची संख्या न, आणि बेरीज स. पुस्तकात इंग्रजी अक्षरं आहेत, पेपरात तीच वापरा, इथं मी आपली अक्षरं घेतोय.

सूत्र सगळ्यांना पाठ असतंच:

स = (न/२) × [२अ + (न − १)ड]

त्याआधी एक गोष्ट तपासा

शेवटचं पद दिलंय का? दिलं असेल तर वर्गसमीकरणाच्या वाटेला जाऊच नका. पहिलं ७, शेवटचं ७९, बेरीज १०७५, तर न = २ × १०७५ ÷ (७ + ७९) = २१५० ÷ ८६ = २५. एका ओळीत विषय संपला. मी अशी पोरं बघितलीत की शेवटचं पद समोर छापलेलं असताना आधी ड काढतात, मग वर्गसमीकरण मांडतात, मग चुकतात. गणित कसं सोडवायचं हे ठरवायच्या आधी काय काय दिलंय ते समासात लिहून काढायचं, अर्धा मिनिट जातो पण पुढची पाच मिनिटं वाचतात.

पायरी १: सगळं लहान करून घ्या

समजा भिशीचं गणित आहे. पहिल्या आठवड्यात ७० रुपये टाकले, मग दर आठवड्याला आधीच्यापेक्षा ३० रुपये जास्त, एकूण १०,७५० रुपये जमले, तर किती आठवडे झाले? इथं ७०, ३० आणि १०७५० तिन्हीला १० नं भाग जातो, मग भागून टाका की! अ = ७, ड = ३, स = १०७५. पदांची संख्या काही त्यानं बदलत नाही, रुपयाच्या जागी दहाची नोट मोजली एवढंच. कॅल्क्युलेटर नसताना प्रत्येक शून्य हा डोक्यावरचा भार असतो, तो सुरुवातीलाच उतरवायचा. पण तिन्हीला भाग गेला पाहिजे हां, दोनाला जातोय आणि तिसऱ्याला जात नाही असं असेल तर हात लावू नका.

पायरी २: दुप्पट करा आणि थांबा

सूत्रातला तो न/२ मधला २ लगेच पलीकडे न्या. म्हणजे:

२स = न × [२अ + (न − १)ड]

कंसाच्या आतलं तेवढं आवरून घ्या, बाहेरचा न आत गुणू नका:

२स = न × [ड×न + (२अ − ड)]

आपल्या भिशीत २ × १०७५ = २१५०, आणि २अ − ड = १४ − ३ = ११. म्हणून:

न × (३न + ११) = २१५०

इथं थांबायचं. बघा, हे काय सांगतंय? दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार २१५० आहे आणि त्यातली एक न आहे. म्हणजे न हा २१५० चा विभाजक असलाच पाहिजे. २१५० = २ × ५ × ५ × ४३. विभाजक किती? १, २, ५, १०, २५, ४३, ५०, ८६ वगैरे, हाताच्या बोटावर मोजण्याएवढे. कंस उघडून ३न² + ११न − २१५० केलं की ही माहिती डोळ्यासमोरून जाते आणि आपण नसत्या ६४५० च्या मागं लागतो.

पायरी ३: अंदाज

विभाजकांपैकी नेमका कुठला? त्यासाठी २स ला ड नं भागून वर्गमूळाचा अंदाज घ्या. २१५० ÷ ३ म्हणजे साधारण ७१७. २६ चा वर्ग ६७६, २७ चा ७२९, म्हणजे वर्गमूळ २७ च्या किंचित खाली. आता (२अ − ड) धन असेल तर खरा न यापेक्षा कमी असतो, कारण कंसातली संख्या नुसत्या ३न पेक्षा मोठी आहे. किती कमी? साधारण (२अ − ड) ÷ २ड एवढा, इथं ११ ÷ ६, म्हणजे दोनला थोडं कमी. २६.८ मधून १.८ गेले, २५ च्या आसपास. आणि विभाजकांच्या यादीत २५ आहेच. ३ × २५ + ११ = ८६, २५ × ८६ = २१५०. उत्तर २५ आठवडे.

ताळा: शेवटच्या आठवड्यात ७० + २४ × ३० = ७९० रुपये. पहिला आणि शेवटचा मिळून ८६०, त्याचं निम्मं ४३०, गुणिले २५ म्हणजे १०,७५०. जुळलं.

आता कुणी म्हणेल की पेपरात असं अंदाजानं लिहून चालतं का? नुसतं ‘न = २५’ लिहिलं तर स्टेपचे मार्क जाणार हे उघड आहे. पण २५ आणि ८६ हे कच्च्या कामात सापडले की अवयव पाडणं फुकटात होतं. ३न² + ११न − २१५० मधे ११न चे दोन तुकडे कुठले? ८६न आणि −७५न (७५ म्हणजे ३ × २५). मग:

३न² + ८६न − ७५न − २१५० = ०
न(३न + ८६) − २५(३न + ८६) = ०
(न − २५)(३न + ८६) = ०

न = २५ किंवा न = −८६/३. आठवडे ऋण नसतात म्हणून दुसरी किंमत सोडली, हे वाक्य शब्दात लिहायचं. नुसती काट मारली तर तपासणाऱ्याला कळणार कसं की तुम्ही विचार करून मारली का अंदाजपंचे.

तालमीतलं गणित, जिथं समान अवयव बाहेर निघतो

एक पोरगं तालमीत पहिल्या दिवशी ४० बैठका मारतं आणि रोज ५ वाढवतं. एकूण १७५० बैठका किती दिवसांत होतील?

इथं ४०, ५, १७५० तिन्हीला ५ नं भाग जातो: ८, १, ३५०. झालं, ड = १. यापेक्षा सोपं काय पाहिजे. २अ − ड = १५, २स = ७००.

न × (न + १५) = ७००

म्हणजे अशा दोन संख्या पाहिजेत ज्यांचा गुणाकार ७०० आणि फरक १५. २५ × २८, फरक ३, नाही. २० × ३५, फरक १५, हीच जोडी. न = २०. ताळा करायचा तर शेवटच्या दिवशी ४० + १९ × ५ = १३५, आणि (४० + १३५) × १० = १७५०.

इथं १९ कुठून आले यावर कायम गोंधळ होतो. विसाव्या दिवसापर्यंत वाढ १९ वेळाच झाली, पहिल्या दिवशी वाढ नव्हतीच. ज्यांचं (न − १) नेहमी चुकतं त्यांनी न = १ घालून बघायचं, पहिलं पद परत मिळालं तर मांडणी बरोबर.

जोडी सापडत नसेल तर: चारनं गुणायची युक्ती

समजा २० × ३५ सुचलंच नाही. परीक्षेत असं होतं, डोकं ऐनवेळी दगा देतं. मग न² + १५न = ७०० ला दोन्हीकडून ४ नं गुणा आणि १५ चा वर्ग मिळवा:

४न² + ६०न + २२५ = २८०० + २२५
(२न + १५)² = ३०२५

३०२५ चं वर्गमूळ तोंडी येतं. शेवटी २५ म्हणजे वर्गमूळाच्या शेवटी ५, आणि पुढचे ३० म्हणजे ५ × ६, म्हणून ५५. २न + १५ = ५५, न = २०. अपूर्णांक कुठंच आला नाही. पुस्तकातल्या पूर्ण वर्ग पद्धतीत १५/२ चा वर्ग, २२५/४, मग छेद समान करा अशी सगळी वरात निघते, ती इथं टळते. न² चा सहगुणक १ नसेल, समजा ड असेल, तर ४ ऐवजी ४ड नं गुणायचं, बाकी सगळं तेच. ही रीत श्रीधराचार्यांची म्हणून ओळखली जाते, भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात त्यांच्या नावानं ती दिलीये.

आणि श्रेढीत पदांची संख्या काढायचं थेट सूत्र तर त्याच्याही आधीचं आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात, गणितपादात, एका श्लोकात ते बसवलंय. साध्या बोलीत सांगायचं तर: बेरजेला ८ नं आणि फरकानं गुणा, त्यात (पहिल्या पदाची दुप्पट वजा फरक) याचा वर्ग मिळवा, वर्गमूळ घ्या, त्यातून पहिल्या पदाची दुप्पट वजा करा, फरकानं भागा, १ मिळवा, निम्मं करा. आपली भिशी घालून बघू:

८ × ३ × १०७५ = २५८००
११ चा वर्ग १२१, एकूण २५९२१
वर्गमूळ १६१
१६१ − १४ = १४७, भागिले ३ = ४९, अधिक १ = ५०, निम्मे २५.

आलं की नाही! आपण विवेचक म्हणून (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमूळाच्या चिन्हाखाली येणारी संख्या) जे काढतो तेच हे, ८×ड×स + (२अ − ड)². म्हणजे श्रेढीच्या गणितात विवेचक काढायला समीकरण मांडायचीसुद्धा गरज नाही, अ, ड, स दिसले की तो थेट लिहिता येतो. मी स्वतः उत्तर तपासायला हेच वापरतो.

२५९२१ चं वर्गमूळ हातानं कसं?

यावर जरा थांबू, कारण सूत्र पद्धत येत असूनही पोरं इथंच हात टेकतात.

आधी दोन टोकं पकडा. १६० चा वर्ग २५६००, १७० चा २८९००. म्हणजे उत्तर १६० ते १७० मधे. शेवटचा अंक १ आहे, वर्गाच्या शेवटी १ येतो तो फक्त १ किंवा ९ नं संपणाऱ्या संख्येच्या. म्हणजे १६१ किंवा १६९. २५९२१ हा २५६०० च्या अगदी जवळ आहे म्हणून १६१. पडताळा: १६१² = २५६०० + ३२० + १ = २५९२१. 

मुळात ती पूर्ण वर्ग संख्या आहे का हे आधीच चाचपता येतं. शेवटचा अंक २, ३, ७, ८ असेल तर पूर्ण वर्ग असूच शकत नाही. शेवटी शून्यं असतील तर ती जोडीनं पाहिजेत. आणि सगळ्या अंकांची बेरीज करत करत एक अंक उरेपर्यंत गेलात तर पूर्ण वर्गाला १, ४, ७ किंवा ९ च उरतो. २ + ५ + ९ + २ + १ = १९, मग १०, मग १, चालतंय. पण ही चाळणी आहे, खात्री नव्हे. यातून सुटलेली संख्या पूर्ण वर्ग असेलच असं नाही, अडकलेली मात्र नक्की नसते.

३० पर्यंतचे वर्ग पाठ करा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण जुन्या लोकांना पावकी, निमकी, दीडकी पाठ असायची तिथं आपल्याला तीस वर्ग जड जाऊ नयेत.

उतरती श्रेढी: दोन उत्तरं येतात तेव्हा

इथून पुढं खरी मजा आहे, आणि मार्क पण इथंच जातात. फरक ऋण असला की दोन्ही मुळं धन येऊ शकतात, आणि मग ‘ऋण किंमत सोडली’ हे ठराविक वाक्य उपयोगाचं राहत नाही.

चप्पल लाईनीतल्या एका दुकानात खोके रचलेत. सगळ्यात खाली २५, त्यावर २४, त्यावर २३ असे, एकूण २७० खोके. किती थर? अ = २५, ड = −१, २अ − ड = ५० + १ = ५१. ऋणातून ऋण गेलं की बेरीज होते, ही जागा लाल पेननं रंगवून ठेवा, निम्म्या चुका इथल्याच असतात.

न × (५१ − न) = ५४०

आता फरक नाही तर बेरीज दिलीये: दोन संख्यांची बेरीज ५१, गुणाकार ५४०. १५ आणि ३६. म्हणजे न = १५ किंवा न = ३६, दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक. कुठलं घ्यायचं? शेवटचं पद काढून बघायचं. १५ व्या थरात २५ − १४ = ११ खोके, ठीक. ३६ व्या थरात २५ − ३५ = −१०. उणे दहा खोके कुठल्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून १५ थर.

पण दुसरं उत्तर नेहमीच फेकायचं असं समजू नका. आता हे बघा.

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ‘पाणी किती फुटावर?’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालापण माहीत असतं. समजा पाणी २९ फुटावर आहे. पहिल्या दिवशी ३० इंच चढलं, दुसऱ्या दिवशी २६ इंच, मग २२, अशी रोजची वाढ ४ इंचांनी कमी होत गेली आणि हाच क्रम पुढंही राहिला. पाणी ३९ फुटावर कितव्या दिवशी असेल? (खरी नदी एवढी शहाण्यासारखी वागत नाही, आकडे मी गणितासाठी घेतलेत.)

३९ − २९ = १० फूट = १२० इंच. अ = ३०, ड = −४, स = १२०. तिन्हीला २ नं भागा: १५, −२, ६०.

२अ − ड = ३२, २स = १२०
न × (३२ − २न) = १२०
न × (१६ − न) = ६०

बेरीज १६, गुणाकार ६०: ६ आणि १०. दोन्ही उत्तरं बरोबर! सहाव्या दिवशी पाणी चढताना ३९ ला टेकतं. आठव्या दिवशी वाढ फक्त २ इंच उरते, नवव्या दिवशी ती −२ होते म्हणजे पाणी उतरायला लागतं, आणि दहाव्या दिवशी परत ३९ वर येतं. सातवा ते दहावा दिवस यांची वाढ बघा: ६, २, −२, −६, एकूण शून्य. दोन मुळांच्या मधल्या पदांची बेरीज कायम शून्यच असते, म्हणूनच तर दोन्हीकडं बेरीज सारखी येते. ताळ्यासाठी हे लक्षात ठेवा.

आता पुढचा प्रश्न, घरोघरी विचारला जाणारा: धोका पातळी गाठेल का? ४३ − २९ = १४ फूट = १६८ इंच. निम्मं ८४.

न × (१६ − न) = ८४
न² − १६न + ८४ = ०
विवेचक = २५६ − ३३६ = −८०

विवेचक ऋण, मुळं वास्तव नाहीत, म्हणजे पाणी या हिशोबानं ४३ वर जातच नाही. विवेचक ऋण आला की पोरं घाबरून मागं जाऊन चूक शोधायला लागतात, पण इथं तेच उत्तर आहे. मग जास्तीत जास्त कुठवर जाईल? दोन संख्यांची बेरीज १६ कायम असेल तर गुणाकार सगळ्यात मोठा दोन्ही सारख्या असताना, ८ × ८ = ६४. दुप्पट १२८ इंच म्हणजे १० फूट ८ इंच. पाणी आठव्या दिवशी ३९ फूट ८ इंचांवर थांबतं.

म्हणून गोष्टीतलं गणित असेल तर मूळ सोडायच्या आधी गोष्ट परत वाचा. खोके, माणसं, खुर्च्या ऋण होत नाहीत. पाणी, तापमान, नफा-तोटा यांची वाढ ऋण होऊ शकते. आणि नुसत्या संख्यांची श्रेढी दिली असेल, ‘३०, २६, २२, … ची किती पदं घेतली तर बेरीज १२० येईल’ असं, तर ६ आणि १० दोन्ही लिहायचे.

न पूर्णांक आलाच नाही तर

दोन शक्यता. एक तर कुठंतरी चिन्ह चुकलंय, बहुतेक (२अ − ड) मधे, नाहीतर २स च्या जागी स लिहिलाय. किंवा प्रश्नच ‘किमान किती पदं’ असा आहे. उदाहरणार्थ १ पासून ओळीनं संख्या मिळवत गेलो तर बेरीज पहिल्यांदा १००० च्या वर कधी जाईल? न(न + १) हे २००० पेक्षा जास्त पाहिजे. ४४ × ४५ = १९८०, कमी पडले. ४५ × ४६ = २०७०. उत्तर ४५. इथं वर्गमूळ दशांशात काढत बसायची काहीच गरज नाही, शेजारशेजारचे दोन गुणाकार बघितले की झालं.

आणखी दोन प्रकार, पटकन

तीन क्रमिक पदांची बेरीज आणि गुणाकार दिला असेल तर पदं अ − ड, अ, अ + ड अशी घ्या, इथं अ म्हणजे मधलं पद. बेरीज २७, गुणाकार ६४८. बेरजेत ड उडून जातो, अ = ९. मग ८१ − ड² = ७२, ड = ३ किंवा −३, पदं ६, ९, १२ (किंवा उलटी). चार पदं असतील तर अ − ३ड, अ − ड, अ + ड, अ + ३ड. बेरीज ४०, टोकांचा गुणाकार ६४ असेल तर अ = १०, १०० − ९ड² = ६४, ड = २, पदं ४, ८, १२, १६. बघा, श्रेढीचा खरा फरक ४ आहे, ड नव्हे तर २ड. ‘सामान्य फरक किती’ विचारलं आणि २ लिहिलं तर सगळं बरोबर करून मार्क घालवला.

दुसरा प्रकार म्हणजे बेरीजच सूत्रात दिलेली, स = ३न² + ५न. न² च्या सहगुणकाची दुप्पट म्हणजे फरक, ६. न = १ घातलं की पहिलं पद, ८. बेरीज १३०० कधी? न(३न + ५) = १३००, २० × ६५. विषय संपला.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे बाराव्या शतकात, असंच एक गणित आहे: एकानं पहिल्या दिवशी ३ द्रम्म दान दिले, मग रोज २ वाढवत गेला, एकूण ३६० दिले, तर किती दिवस? वरच्या रीतीनं न × (२न + ४) = ७२०, म्हणजे न(न + २) = ३६०. दोन्हीकडं १ मिळवा, (न + १)² = ३६१ = १९². १८ दिवस. चारनं गुणायचीपण गरज पडली नाही, कारण मधला सहगुणक सम होता. तो सम असला की त्याच्या निम्म्याचा वर्ग मिळवायचा, विषम असला तरच ४ नं गुणायचं.

करून बघा

१) ५, ९, १३, … किती पदांची बेरीज ८६० होईल?
२) ५०, ४६, ४२, … किती पदांची बेरीज ३३६? हेच बागेतल्या रोपांच्या ओळी असतील तर उत्तर बदलेल का?
३) ४, ११, १८, … यांची बेरीज नेमकी ५०० होऊ शकते का?
४) तीन क्रमिक पदांची बेरीज २४, गुणाकार ४४०.

उत्तरं: पहिल्यात न(२न + ३) = ८६०, २० पदं. दुसऱ्यात न(२६ − न) = १६८, १२ किंवा १४, पण रोपांच्या ओळीत १४ व्या ओळीत −२ रोपं येतात म्हणून १२ च. तिसऱ्यात न(७न + १) = १०००, विवेचक २८००१, आणि १६७² = २७८८९, १६८² = २८२२४, मधेच अडकला, म्हणजे ५०० होत नाही, ११ पदांना ४२९ आणि १२ पदांना थेट ५१०. चौथ्यात ५, ८, ११.